खडकी : वाट आणि वहिवाट

मराठी दस्तऐवजांची भाषा ज्यांनी वाचली आहे त्यांना त्यांतील एक ठरावीक क्रम पाठ असतो. प्रथम मिळकतीचे वर्णन येते, मग तिची चतुःसीमा : पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, दक्षिणेस ओढा, उत्तरेस सार्वजनिक रस्ता. त्यानंतर जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांची माळ लागते आणि अगदी शेवटी, जणू ऐनवेळी आठवले म्हणून, जाण्यायेण्याच्या वहिवाटीचा उल्लेख होतो. घर घेणारा माणूस निधी-निक्षेपापाशी मनात हसतो आणि वहिवाटीच्या शब्दांवरून घाईने पुढे जातो. कोर्टात मात्र पुढची पंधरा-वीस वर्षे त्या शेवटच्या दोन-चार शब्दांवरच खर्च होतात. जमिनीखालचे हंडे सहसा कोणाला सापडत नाहीत. शेजाऱ्याने घातलेले कुंपण दुसऱ्या दिवशी सकाळीच दिसते.

'वहिवाट' हा शब्द मोठा बोलका आहे. चालत आलेला उपभोग, रूढ झालेली रीत, कब्जा, कारभार अशा अनेक छटा त्याला आहेत. मिळकतीचा कारभार पाहणाऱ्याला जुन्या कागदांत वहिवाटदार म्हणत. तथापि सामान्य माणसाच्या मनात त्याचा अर्थ सरळ असतो. ज्या वाटेने आपले आजोबा गेले, वडील गेले, घरातल्या वराती निघाल्या आणि घरातल्या शवपेट्याही निघाल्या, ती वाट आपली. जमीन दुसऱ्याची असेल, वाट आपली. चालत राहिल्याने हक्क उत्पन्न होतो हे तत्त्व आपल्या समाजाने इंग्रजी कायद्याच्या पुष्कळ आधी मानले होते. पुण्याजवळच्या खडकीत मात्र या तत्त्वापुढे दोनशे वर्षे एक विलक्षण अडथळा उभा आहे. तेथे दोन शेजारी मधल्या पट्टीवरून भांडतात तेव्हा ती पट्टी बहुधा दोघांपैकी कोणाचीच नसते, आणि पुष्कळदा दोघांच्या घरांखालची जमीनही त्यांची नसते. भांडण दोघांचे, जमीन तिसऱ्याची. हे कसे घडले आणि आज त्याचा विचार करणे का अगत्याचे झाले आहे, ते येथे मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

खडकीच्या छावणीचा जन्म झाला तोही मधल्या जागेची ओढाताण चालू असताना. ३१ डिसेंबर १८०२ रोजी झालेल्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. (आपल्या गावाचे नाव इतिहासात या निमित्ताने यावे याची खंत आमच्या वसईकर वाचकांना वाटत आली आहे, आणि ती रास्त आहे.) पुण्यातील इंग्रज फौजेचा तळ शहराच्या पूर्वेस गारपीर येथे होता, रेसिडेंट एल्फिन्स्टन मात्र मुळा-मुठेच्या संगमावर, शहराच्या दुसऱ्या अंगाला राहत असे. १३ जून १८१७ च्या पुणे येथील तहाने पेशव्याचा आणखी मुलूख गेला. त्यानंतर पेशव्याने फौज जमवण्यास आरंभ केला आणि ऑक्टोबर महिन्यात त्याचे स्वार गारपीरच्या तळाला खेटून उतरू लागले. पेशव्यांच्या राजधानीत पेशव्यांच्या स्वारांनी कोठेही उतरावे, त्यात गैर ते काय? वरकरणी काहीच नाही. परंतु दोन तळांमधील मोकळी जागा आक्रसत गेली, आणि रात्री अचानक हल्ला झाला तर हालचालीला वाव उरणार नाही हे इंग्रज अधिकाऱ्यांच्या ध्यानात आले. १ नोव्हेंबर १८१७ रोजी ती फौज गारपीर सोडून मुळेच्या काठी खडकीला गेली. ५ नोव्हेंबरला विठोजी नाईक गायकवाड पेशव्यांचा अखेरचा निरोप घेऊन संगमावर आले. इंग्रजांनी आपला तळ पेशवे सांगतील तेथे हलवावा, अशी एक मागणी त्यात होती. एल्फिन्स्टनने ती नाकारली व तो खडकीच्या तळाकडे निघाला. मागे संगमावरची रेसिडेन्सी जाळण्यात आली. त्याच दिवशी खडकी आणि गणेशखिंड यांमधल्या मैदानावर लढाई झाली. बापू गोखल्यांच्या शौर्याने तिचा निकाल बदलला नाही, आणि १७ नोव्हेंबरला शहर इंग्रजांच्या स्वाधीन झाले.

लढाईची कारणे अर्थातच मोठी होती. ती सारी तंबूच्या दोऱ्यांवर आणून ठेवण्याचा आमचा मानस नाही. एवढेच सांगावयाचे की, खडकीची भूमी शेतसाऱ्याच्या वहीतून वा खरेदीखताने आलेली नव्हे. ती तळ म्हणून आली आणि तळ म्हणूनच नोंदली गेली. तळाचा स्वभाव असा की तो हुकमाने पडतो आणि हुकमाने उठतो. मुळेच्या काठचे लहानसे खडकी गाव त्या हुकमाच्या कुशीत सापडले. पुढे तोफखाना आला, १४ जून १८५८ रोजी पुण्यापर्यंत आगगाडी आली, १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. बाजार भरला, चाळी उठल्या. कारखान्यात, रेल्वेत, लष्करी खात्यांत आणि साहेबांच्या मेसमध्ये चाकरीस लागलेली ख्रिस्ती कुटुंबेही आली, कोणी गोव्याकडची, कोणी तमिळ, कोणी नगर जिल्ह्यातील मराठी. त्यांच्या श्रद्धेचे केंद्र म्हणजे खडकीचे संत इग्नेशियस चर्च. या कुटुंबांपैकी फार थोड्यांच्या पायाखाली स्वतःची म्हणावी अशी माती होती.

याचे कारण समजण्यासाठी 'ओल्ड ग्रँट' या दोन शब्दांचा उलगडा केला पाहिजे. छावणीत अधिकाऱ्यांना राहण्यासाठी घरे हवी होती आणि ती बांधण्याचा खर्च कंपनी सरकारला नको होता. म्हणून खाजगी माणसांना छावणीत बंगले बांधू देण्यात आले; मात्र जमिनीची मालकी सरकारने स्वतःकडेच ठेवली. बंगाल इलाख्यासाठी १२ सप्टेंबर १८३६ रोजी निघालेला १७९ क्रमांकाचा हुकूम या विषयात फार प्रसिद्ध आहे. मुंबई इलाख्याच्या लष्करी नियमांतही तत्त्व हेच होते. जमीन सरकारची. एक महिन्याची सूचना देऊन आणि मंजुरीने बांधलेल्या इमारतीची किंमत मोजून सरकारला ती केव्हाही परत घेता येईल. इमारत धारकाची, जमीन सरकारची, अशी ही जोडी. भिंती, छप्पर, दारे, खिडक्या विकता येतात. ज्यावर त्या उभ्या आहेत ते विकता येत नाही. मध्य प्रदेशातील सागर येथील छावणीसंबंधीच्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली हेच पुन्हा स्पष्ट केले. पिढ्यान् पिढ्या कब्जा आहे, कर भरला आहे, खरेदीखत नोंदले आहे, हे सारे खरे असूनही त्यामुळे जमीन धारकाची होत नाही.

या व्यवस्थेची वही म्हणजे जनरल लँड रजिस्टर. १९२४ च्या कॅन्टोन्मेंट कायद्यानंतर १९२५ व १९३७ साली जे जमीनविषयक नियम झाले त्यांनी छावणीच्या जमिनीची वर्गवारी केली. प्रत्यक्ष लष्करी उपयोगाची जमीन 'अ' वर्गात गेली. 'ब' वर्गाचे पोटभेद झाले. त्यांतील तिसऱ्यात खाजगी धारकांच्या ताब्यातील, म्हणजे बहुधा ओल्ड ग्रँटच्या बंगल्यांची जमीन आली आणि चौथ्यात कोणत्याच विशिष्ट उपयोगाची नसलेली, पुढेमागे लागेल म्हणून राखलेली जमीन आली. रस्ते, गटारे, बाजार अशी जी जमीन बोर्डाकडे सोपवली गेली ती 'क' वर्गात. हे वाचताना रुक्ष वाटते, पण खडकीतील शेजाऱ्यांच्या निम्म्या भांडणांची किल्ली या अक्षरांत आहे. दोन बंगल्यांच्या आवारांमध्ये जी आठ-दहा फुटांची पट्टी दिसते ती 'क' वर्गातला बोळ आहे, की 'ब' वर्गाच्या चौथ्या कप्प्यातली राखीव पट्टी आहे, की एका आवाराचाच कोपरा आहे? तिन्ही प्रकारांत डोळ्यांना दिसते ते सारखेच : थोडी धूळ, थोडे गवत, मधून पडलेली पाऊलवाट. हक्क मात्र तिन्हींत वेगवेगळे. बोळ असेल तर सर्वांनी जावे. राखीव पट्टी असेल तर तेथून जाणारा प्रत्येक जण सरकारच्या मुकाट्याने दिलेल्या परवानगीवर जातो. आवाराचा कोपरा असेल तर धारकाच्या मर्जीवर.

आता कायद्याचा विचार करू. इतर गावी असा वाद झाला म्हणजे १८८२ चा सुखाधिकार कायदा पुढे येतो. तो मुंबई इलाख्याला १८९१ साली लागू झाला. त्याच्या पंधराव्या कलमाप्रमाणे शेजाऱ्याच्या जमिनीतील वाट एखाद्याने शांततेने, उघडपणे, हक्क म्हणून आणि खंड न पडता वीस वर्षे वापरली तर ती त्याची पक्की होते. जमीन सरकारची असेल तर ही मुदत आरंभी साठ वर्षे होती, आता तीस आहे. यातील प्रत्येक शब्दावर निकालपत्रांचे ढीग आहेत. 'हक्क म्हणून' हे शब्द सर्वांत कठीण. शेजाऱ्याने सौजन्याने जाऊ दिले, आपण त्याचे आभार मानून गेलो, तर वीस काय पन्नास वर्षे लोटली तरी हक्क उत्पन्न होत नाही. चांगुलपणा जितका अधिक तितका पुरावा दुबळा, असा हा थोडासा क्रूर न्याय आहे. म्हणूनच जगात पुष्कळ ठिकाणी जमीनमालक वर्षातून एक दिवस आपली वाट मुद्दाम बंद ठेवतात. न्यूयॉर्कमधील रॉकफेलर प्लाझा हा गजबजलेला खाजगी रस्ताही असाच वर्षातून एकदा बंद ठेवण्याची पद्धत आहे, लोक येथून परवानगीने जातात, हक्काने नव्हे, हे सिद्ध राहावे म्हणून.

अशा वाटांचे प्रकार रोमन कायद्याने फार पूर्वीच पाडले होते. माणसाने चालत जाण्याचा हक्क, जनावरे हाकून नेण्याचा हक्क आणि गाडी नेण्याचा हक्क अशी तीन स्वतंत्र नावे तेथे आहेत. बारा फलकांच्या प्राचीन कायद्यात गाडीवाट सरळ जागी आठ फूट आणि वळणावर सोळा फूट असावी असेही ठरवले होते. आमच्याकडे पाऊलवाट, पाणंद आणि गाडीवाट हेच तीन भेद खेड्यातला कोणीही माणूस सांगेल. खडकीतल्या वादात हा भेद आजही जिवंत आहे. आजोबांनी सायकल हातात धरून जी वाट वापरली तीमधून नातवाला मोटार न्यावयाची असते. आजोबांची वाट मान्य असलेला शेजारी नातवाची मोटार मान्य करीत नाही आणि तो अगदीच चुकत असतो असे नव्हे; पाऊलवाटेचा हक्क सिद्ध झाला तरी तेवढ्याने गाडीवाटेचा हक्क सिद्ध होत नाही.

पण खडकीचा खरा पेच याहून खोल आहे. सुखाधिकाराची व्याख्याच अशी आहे की तो दुसऱ्याच्या जमिनीवर असतो. स्वतःच्या जमिनीवर स्वतःचा सुखाधिकार संभवत नाही. आणि कायद्याचे बारावे कलम सांगते की, जमिनीचा केवळ भोगवटादार असलेला माणूस सुखाधिकार मिळवतो तो मालकाच्या वतीने. आता ओल्ड ग्रँटवरचे दोन शेजारी बंगले घ्या. दोन्हींची जमीन एकाच सरकारची. पहिल्या बंगल्यातला माणूस दुसऱ्याच्या आवारातून चाळीस वर्षे गेला, तर त्याने कोणासाठी हक्क मिळवला? सरकारसाठी. कोणाच्या जमिनीवर? सरकारच्याच. म्हणजे काहीच मिळवले नाही. चाळीस वर्षांची ती वाट कायद्याच्या दृष्टीने एकाच मालकाच्या अंगणातील फेरी ठरते. शेजारी मात्र तिच्यापायी बोलेनासे झालेले असतात, एकाच मिस्सेला येऊन दोन वेगळ्या बाकांवर बसणारे असतात.

बंगल्याच्या मागच्या खोल्यांत, ज्यांना सर्वजण आउटहाउस म्हणतात, भाड्याने राहणाऱ्यांची स्थिती तर याहूनही नाजूक. बंगल्याचा धारक सरकारच्या मर्जीवर, आणि भाडेकरू त्या धारकाच्या आश्रयाने. त्याच्या दारापर्यंतची वाट ही परवानगीच्या पोटातली परवानगी. आमच्या समाजातील अनेक कुटुंबांचे खडकीतील वास्तव्य अशाच खोल्यांतून सुरू झाले, हे येथे विसरता येत नाही.

परवानगी मागणे आणि हक्क सांगणे यांतला फरक बायबलला अपरिचित नाही. गणनेच्या विसाव्या अध्यायात मोशे एदोमच्या राजाकडे दूत पाठवतो. आपण शेतांत वा द्राक्षमळ्यांत शिरणार नाही, विहिरींचे पाणी पिणार नाही, राजमार्गानेच सरळ जाऊ, आणि गुरांनी पाणी प्यायलेच तर त्याचे मोल देऊ, असे तो कळवतो. वाटेच्या वापराच्या इतक्या नेमक्या अटी एखाद्या वकिलालाही सुचणार नाहीत. एदोम नकार देतो, फौज घेऊन सीमेवर येतो. आणि इस्राएल लोक वळसा घालून जातात. एदोम आणि इस्राएल म्हणजे एसाव आणि याकोब, सख्खे भाऊ. अनुवादाच्या दुसऱ्या अध्यायात तर एसावाच्या वंशजांशी भांडू नये, त्यांच्या भूमीतले पाऊलभरही आपल्याला मिळावयाचे नाही, असे स्पष्ट बजावले आहे. वाट मागणाऱ्याची गरज खरी, आणि तरीही देणाऱ्याचा नकार त्याच्या अधिकारातला. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात हे त्या अध्यायात दिसते, आणि कोर्टकचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवणारे आम्ही नेमके हेच मानावयास तयार नसतो.

तुलनेसाठी पुण्यातच दुसरे उदाहरण आहे. क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चची जागा १७९२ साली सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या चाकरीतील कॅथलिक शिपायांसाठी व अधिकाऱ्यांसाठी दिली. राजाने उपासनेसाठी दिलेली जमीन ती. देताना ती पुढे परत घ्यावयाची असा हेतू नव्हता. तेथून खडकी तीन-चार मैलांवर, पण दोन्हीकडच्या जमिनींचा इतिहास अगदी निराळ्या मुळांतून वाढलेला. पेठांतल्या वाड्यांचे बोळ, सामाईक भिंती, पागोळीचे पाणी यांवरचे तंटे पेशवाईत पंचांपुढे व गोतापुढे जात. गावांच्या शिवेचा वाद असेल तर महजर होई. शीव ठरवण्यासाठी गावच्या महाराने ती चालून दाखवावी आणि दोन्ही गावांनी मानावी अशीही रीत होती. मालकी व उपभोग दोन्ही आपसांत असल्यामुळे चार माणसांनी बसून तोड काढणे शक्य होते. खडकीत चार माणसे बसली तरी जिच्यावर बोलावयाचे ती जमीन बैठकीत नसलेल्या पाचव्याची. आजही नगर जिल्ह्यातील शेतकऱ्याची बांधावरची वाट अडली तर त्याला १९०६ चा मामलेदार न्यायालयांचा कायदा आहे, १९६६ च्या महसूल संहितेचे १४३ वे कलम आहे. तहसीलदार येतो, पाहतो, वाट देतो किंवा नाकारतो. खडकीच्या बंगल्याच्या आवारात तो सहसा येत नाही.

छावणीबाहेर, जेथे जमीन खरोखर शेजाऱ्यांच्या मालकीची असते तेथेही गोष्टी सोप्या असतात असे समजू नये. गोव्यातील दोन शेजाऱ्यांचा वाटेचा एक दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आम्ही नेहमीच येथून जात होतो, एवढे म्हणणे पुरेसे नाही. केव्हापासून, कोणत्या वाटेने, कशा प्रकारे, हे नेमके सांगितले व सिद्ध केले पाहिजे, असे न्यायालयाने ठरवले आणि वाट मागणाऱ्याचा दावा फेटाळला. २००८ साली दोन घरांमधल्या अरुंद पट्टीचा आणखी एक वाद तेथे आला. त्यात वादींनी पट्टी आमच्या मालकीची म्हणून दावा लावला होता. मालकी सिद्ध झाली नाही. उच्च न्यायालयाने निदान जाण्याचा हक्क तरी द्यावा म्हणून तो दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो काढून घेतला. ज्याने जमीन माझी असे म्हटले त्याला, जमीन दुसऱ्याची पण वाट माझी, हे मागून म्हणता येत नाही. निदान दाव्यात तसे मांडल्यावाचून नाही. आमच्या मते हा निकाल प्रत्येक धर्मग्रामात वाचून दाखवावा असा आहे. वाटेची गरज असलेला माणूस रागाच्या भरात मालकी सांगू लागतो आणि हाती आलेली वाटही घालवून बसतो, हे आपण सर्वांनी कोठे ना कोठे पाहिले आहे.

राखीव पट्टीचे शस्त्र खाजगी माणसेही वापरतात. मोठ्या जमिनीचे भूखंड पाडताना नव्या रस्त्याच्या कडेला मूळ मालक आपल्या नावे फूट-दीड फूट पट्टी राखून ठेवतो. पलीकडच्या शेताच्या मालकाला रस्ता डोळ्यांसमोर दिसतो, पण त्यावर पाऊल टाकता येत नाही. टाकावयाचे तर पट्टीची किंमत मोजावी लागते. इंग्लंडात अशा पट्टीला खंडणीचीच उपमा देतात. केंब्रिज येथील १९६१ सालच्या एका निवाड्यात अशा पट्टीमुळे मोकळ्या होणाऱ्या मूल्यवाढीचा एक तृतीयांश वाटा पट्टीवाल्याला योग्य मानला गेला, आणि तेव्हापासून तेथे तो आकडा सौद्यांत आधाराला घेतला जातो. खडकीत सरकारने राखलेल्या पट्ट्यांमागे असा खंडणीचा हेतू नव्हता हे मान्य करावे लागेल. लष्कराला पुढे जागा लागेल, तोफा वळवाव्या लागतील, एवढाच विचार होता. पण पट्टीपलीकडे राहणाऱ्याला हेतूची विचारपूस करून काय उपयोग? त्याचे दार पट्टीवरच उघडते.

सरकार आणि नगरपालिका हेही शेजारीच. त्यांच्यातील तंटा याच जातीचा, फक्त मोठ्या मापाचा. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याचा बोपोडी ते खडकी रेल्वे स्थानक हा भाग दोन्ही बाजूंचा रस्ता रुंद झाल्यावरही वर्षानुवर्षे अरुंद राहिला, कारण रुंदीकरणाला लागणारी पट्टी संरक्षण खात्याची होती. पत्रव्यवहार झाले, बैठका झाल्या, जागेच्या मोबदल्याचे प्रश्न निघाले, आणि फार उशिरा काम मार्गी लागले. १ ऑगस्ट २०२३ पासून या मार्गाने मेट्रोही शिवाजीनगरकडे धावू लागली. दोन शेजाऱ्यांच्या कुंपणावरून कोर्टात दहा वर्षे गेली म्हणून हसणाऱ्यांनी ही पट्टी आठवावी.

छावणीतील रस्ते सुरक्षेच्या कारणाने बंद होण्याचा प्रश्न देशभर गाजला. २००६ च्या कॅन्टोन्मेंट कायद्याच्या २५८ व्या कलमाने रस्ता कायमचा बंद करण्यापूर्वी वरिष्ठांची परवानगी, जाहीर सूचना आणि लोकांच्या हरकतींचा विचार आवश्यक ठरवला आहे. प्रत्यक्षात अनेक छावण्यांत फाटके आधी आली आणि सूचनांचे मागून पाहू असे झाले. मे २०१८ मध्ये संरक्षण मंत्रालयाने असे बंद रस्ते खुले करण्याचा निर्णय घेतला. लष्कराच्या सुरक्षेची चिंता खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही; दारूगोळ्याच्या कारखान्याशेजारी राहणाऱ्या माणसाला ती आमच्याहून अधिक कळते. परंतु लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, हे कलम 'रस्त्या'ला संरक्षण देते. ज्या वाटेची रस्ता म्हणून कोठेच नोंद नाही, जी केवळ राखीव पट्टीवरून पडलेली पायवाट आहे, तिच्यासाठी कोणती सूचना निघावी आणि कोणी हरकत घ्यावी?

हा प्रश्न आज निकडीचा झाला आहे. एप्रिल २०२३ मध्ये हिमाचल प्रदेशातील योल येथील छावणीचा नागरी भाग छावणीतून वगळण्यात आला आणि त्यानंतर इतर छावण्यांच्या नागरी वस्त्या लगतच्या पालिकांत विलीन करण्याचा विषय ऐरणीवर आला. खडकीचा नागरी भाग पुणे महापालिकेत जाण्याची चर्चा त्याचाच भाग. केंद्राने २०२४ साली आखलेल्या धोरणानुसार नागरी सोयींसाठी उभारलेली मालमत्ता राज्याकडे वा पालिकेकडे विनामूल्य जावयाची आहे. जेथे जमिनीची मालकी केंद्राची आहे तेथे ती केंद्राकडेच राहावयाची आहे. म्हणजे गटार महापालिकेचे, दिवा महापालिकेचा, आणि दोहोंखालची जमीन दिल्लीची, अशी नवी त्रिस्थळी यात्रा संभवते. नळ कोणी जोडावा हे ठरेल. बोळ कोणाचा हे ठरेलच असे नाही.

एका वहीतून दुसऱ्या वहीत नोंदी उतरवल्या जातात तेव्हा वाटा हरवतात, असा महाराष्ट्रातील मोजणीचा अनुभव आहे. घराला क्रमांक असतो, भूखंडाला क्रमांक असतो. मधल्या बोळाला पुष्कळदा तो नसतो, आणि क्रमांक नसलेली गोष्ट नकाशावर शेजारच्या क्रमांकात विरघळते. नंतर प्रॉपर्टी कार्डावर क्षेत्र वाढलेले दिसते, ज्याचे वाढले तो गप्प राहतो, आणि ज्याची वाट गेली त्याला ते मुलीच्या लग्नाचा मांडव घालताना किंवा घरातून शवपेटी बाहेर काढताना कळते.

म्हणून खडकीतील आमच्या बांधवांनी आताच काही कागद एकत्र करून ठेवावेत असे सुचवावेसे वाटते. आपल्या घराची व लगतच्या पट्टीची जनरल लँड रजिस्टरमधील नोंद आणि तिचा वर्ग, बोर्डाने मंजूर केलेले जुने बांधकाम नकाशे, ज्यांवर दार कोणत्या बाजूला दाखवले आहे ते पाहावे, कारण मंजूर नकाशात दार ज्या बोळावर उघडते तो बोळ नव्हताच असे म्हणणे पुढे जड जाते, बोळातील दिवा, नळ, गटार यांसाठी बोर्डाने केलेल्या खर्चाचे वा दुरुस्तीचे कागद, घरपट्टीच्या पावत्या. चर्चच्या मिरवणुकींची जुनी छायाचित्रे ज्या घरांत आहेत त्यांनी ती तारखेसह जपावीत, पाठीमागे दिसणारी भिंत आणि फाटक यांच्यासकट. आणि शेजाऱ्याशी आज बोलणे चालू असेल तर दोघांनी मिळून एकाच अर्जावर सही करून ती वाट सामाईक वापराची म्हणून नोंदवण्याची मागणी करावी. जमीन दोघांचीही नसल्यामुळे त्या सहीने दोघांपैकी कोणाचेही काही जात नाही.